मला कोणी उठवावं म्हणून

माझी झोप माहेरी आणि सासरी दोन्हीकडे प्रसिद्ध होती. मी बोलता बोलता झोपायचे, ताटावर बसल्या बसल्या झोपायचे, आणि एकदा झोपले की कोणी घर डोक्यावर घेतलं तरी माझा डोळा उघडत नसे. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "सून कामाची हाय आमची, पण तिले उठवाले बँड लावा लागते." मला त्याचा राग यायचा नाही. खरं सांगायचं तर, झोपेपेक्षा ते उठवलं जाणंच मला जास्त आवडायचं.

रोवणीत, म्हणजे चिखलात धानाची रोपं लावायच्या दिवसांत, अंधारातच घर सोडावं लागे. मला उठवायचं काम आमच्या ह्यांच्याकडे. हे हाक मारत नसत. पायाचा अंगठा धरून हलवायचे आणि म्हणायचे, "उठ न वं, बाया आल्या बांधीत." बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बाया आलेल्या नसायच्याच. मला ते ठाऊक असायचं, तरी मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचे, म्हणजे अंगठा पुन्हा हलवला जाई. आपल्यावाचून कोणाचं तरी अडलंय, असं त्या घटकाभरात वाटायचं. तेवढ्यावर मी दिवसभर चिखलात वाकून राहायचे आणि कुरकुर करत नसे.

मग संधिवात आला आणि राहायलाच आला. दिवसा तो जरा माणसात असतो. रात्री घरातले दिवे मालवले की त्याला जोर चढतो. डाव्या कुशीवर वळावं तर खांदा बोंब मारतो, उजव्या कुशीवर कंबर. उताणं पडावं तर गुडघे म्हणतात, आम्ही काय पाप केलं? पांघरूण घेतलं की त्याचंही पायांना ओझं होतं आणि काढलं की थंडी वाजते. मी दर पाच मिनिटांनी चुळबूळ करायचे आणि शेजारी ह्यांची झोप मोडायची. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाला रात्री तरी डोळा लागू द्यावा, म्हणून मीच भांडून त्यांची खाट बाहेर ओसरीवर, सपरीत काढली. बरेच दिवस ते जायला तयार नव्हते. आता सपरीतून त्यांचं घोरणं ऐकू येतं. पूर्वी त्या घोरण्याला मी शेजारच्या गावापर्यंत बदनाम केलं होतं. आता ते मधेच थांबलं तर मी उशीवरून डोकं उचलून कान देते.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दुपारी झोपू नका, संध्याकाळनंतर चहा घेऊ नका, मोबाईल लांब ठेवा, रात्री घड्याळ बघू नका, झोप आली नाही तर तळमळत पडू नका, उठून बसा. मी सगळं केलं. घड्याळाचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं. पण शेजारच्या कोंबड्याचं तोंड कुठे फिरवणार? काही गोष्टींनी मात्र बरं वाटतं, ते नाकारत नाही. गरम पाण्याची पिशवी आहे. गुडघ्यांच्या मधे एक उशी घेते. आणि अगदीच नाही भागलं तर डोळे मिटून मनातल्या मनात आमच्या सगळ्या बांध्या फिरून येते. बांधाच्या धुऱ्यावरून चालते, कुठे पाणी फुटलंय ते बघते, खाली उतरून रोपं लावते. तिथे माझी बोटं सरळ असतात. कधी शेवटच्या बांधीपर्यंत जाऊन परत येते, तरी झोप येत नाही.

पहाटे हे दाराशी येऊन हळूच विचारतात, "जागी हायेस काय?" मी जागीच असते. मग ते माझे हात शेकायला पाणी तापवतात, चहा करून देतात, माझी वेणी घालायलासुद्धा शिकले आहेत, वाकडी का होईना. अशा माणसाकडे तक्रार कोणत्या तोंडाने करायची? पण मनातलं सांगते. मला नुसती झोप नको आहे. मला कोणीतरी गाढ झोपेतून उठवायला हवं आहे. हे मी कोणाला बोलले नाही. लोक हसतील, म्हणतील, हिला झोपेचा पत्ता नाही आणि उठवायला माणूस पाहिजे!

दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई आली. आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. त्या दिवशी घरोघरी पाहुणे येतात, दिवसभर जत्रा भरते आणि रात्री पहाटेपर्यंत नाटक चालतं. हे म्हणाले, "येतेस काय नाटकाले? नाहीतरी जागीच राहतेस." मला आधी झोंबलं, मग हसू आलं. म्हटलं, चला.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. ह्यांनी माझ्यासाठी घरची पाठीची खुर्ची उचलून आणली, पायांवर चादर घातली आणि स्वतः शेजारी भाड्याच्या खुर्चीत बसले. किती तरी महिन्यांनी रात्रीच्या वेळी आम्ही इतके जवळ होतो. भोंगे कान फाडत होते, सावत्र सासू सुनेला छळत होती, पुढच्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. सुनेला घराबाहेर काढलं, इथपर्यंत मला आठवतं.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर ऊन आलं होतं. मांडवात चिटपाखरू नव्हतं. पोरं खुर्च्या एकात एक घालून रचत होती, फक्त आमची रांग त्यांनी शिल्लक ठेवली होती. माझं डोकं ह्यांच्या खांद्यावर होतं, सगळ्या गावासमोर! लाजेने मला काही सुचेना, आणि सुचलं तेव्हा मी भडकले.

"उठवलं काहून नाही? लोकं का म्हणले असतील?"

ह्यांना त्या खांद्याचा हात हलवता येत नव्हता, पार बधिर झाला होता. मी माझ्या वाकड्या बोटांनी तो चोळू लागले.

"मले वाटलं होतं, तुमी तरी उठवसान," मी म्हटलं. आवाज मला वाटलं त्यापेक्षा रडवेला निघाला.

"तू झोपलेली मले किती वर्षांनी दिसलीस," ते म्हणाले. "मी तुले पायतच बसलो. नाटक कधी सरलं, मले नाही समजलं."

मी त्यांच्याकडे बघितलं. डोळे लालभडक झाले होते. मी माझ्या खोलीत एका गोष्टीसाठी झुरत होते आणि सपरीतला हा माणूस नेमका तिच्या उलट गोष्टीसाठी झुरत होता.

"पुढच्या खेपेस मात्र उठवा," मी म्हटलं.

"नाही उठवत," ते म्हणाले.