मामांनी पसंत केलेला यंत्रमानव

माझं लग्न एका यंत्रमानवानं जमवलं. मी तेव्हा न्हाणीघरात होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वरकुट्याजवळच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवत असे आणि स्वतःला मोठा कलावंत समजत असे. (हा समज गावात फक्त मलाच होता.) बारामतीत कलाशिक्षकांचं प्रदर्शन भरणार होतं. बाकीचे बैलजोड्या नि सूर्यास्त रंगवणार. मी मात्र विचार मांडणार होतो! यंत्रात माणूस किती आणि माणसात यंत्र किती, असा. त्यासाठी तेलाच्या डब्यांचं धड केलं, स्वतःच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा काढून तोंड बनवलं आणि मानेत जीपच्या वायपरची मोटार बसवली. ट्रॅक्टरची बॅटरी जोडली की मान खाली-वर, खाली-वर. कशालाही हो! माणसाचं याहून मोठं लक्षण मला तरी सुचलं नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी दुपारी पिंपळीहून मुलीचे मामा मला बघायला येणार होते. हे सहावं स्थळ. आधीचे पाचजण "कळवतो" म्हणून गेले होते. (अजून कळवायचेत.) या मुलीचा फोटो मात्र माझ्या मनात भरला होता. लपवण्यात अर्थ नाही, हजेरीपटात ठेवून मी तो दिवसातून चारदा बघत होतो.

नवी पँट-शर्ट इस्त्री करून आणली होती. आई म्हणाली, "खुंटीला नगं अडकवूस, चुरगळतील."

म्हणून मी अक्कल चालवली आणि ते कपडे यंत्रमानवाला चढवले! ओसरीवरच्या खुर्चीत त्याला बसवलं, मान नीट हलते का बघायला मोटार चालू केली आणि ती तशीच ठेवून दाढी-आंघोळीला गेलो.

मामा सकाळच्याच एसटीनं आले. निवृत्त हवालदार. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा.

"जयभीम, पाव्हणं!" म्हणत ते खुर्चीसमोर बसले. समोरची मान हलली.

"असू द्या, असू द्या. उठू नगा!"

माझे वडील, तात्या, पाण्याचा तांब्या घेऊन धावले. "मामा, जरा ऐका, त्यो आपला..."

"तुमी गप ऱ्हावा, तात्या. बापानं बोलायचं आन पोरानं भिताडाकडं बघायचं, असली बघणी लई झाली. आज मी पोरालाच इचारणार!"

मी न्हाणीघराच्या दाराआड उभा. कमरेला टॉवेल, गालाला साबण. बाहेर जावं तर माझे कपडे त्याच्या अंगावर!

"पोरीला बी.एड. करायचंय. करू द्याल?"

मान हलली.

"नोकरी लागली तर करू द्याल?"

हलली.

"सांजच्याला ती दमून आली, तर भाकरी थापाल?"

हलली. स्वयंपाकघरातून आईचं "आगं बया!" ऐकू आलं.

मामा खूश झाले. इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण हवालदार तो हवालदारच. आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "आता खरं सांगा. दारू पिता?"

मान हलली. तीनदा!

तात्यांच्या हातातला तांब्या निसटला. मी टॉवेल सावरत तसाच ओसरीवर धावलो. "नाही हो! थेंबसुद्धा घेत नाही!"

मामांनी चष्मा वर केला. "ह्यो कोण?"

"पोरगा," तात्या म्हणाले.

"मग खुर्चीतला?"

"ती कला आहे," मी म्हणालो.

मामांनी उठून कलेच्या गालावर टिचकी मारली. टक्! मग माझ्या गालाला हात लावला आणि बोटाचा साबण माझ्याच टॉवेलला पुसला. झालं, सहावं स्थळही गेलं! खोटं कशाला सांगू, मला रडूच फुटायला आलं होतं.

मामा पुन्हा खुर्चीकडे वळले. मग म्हणाले, "उभ्या जन्मात हजार जबान्या घेतल्या मी. दारूचं एवढं सरळ कबूल करणारा ह्यो पहिलाच! पोरगी देतो. पर बोलणी ह्याच्यासंगं झालीत. ह्यानं जेवढं कबूल केलंय, तेवढं तुमी पाळायचं. हाय मंजूर?"

मी मान हलवली. खाली-वर, खाली-वर.

प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी शेरा दिला, 'चेहरा माणसाचा वाटत नाही.' (माझा चेहरा!)

लग्न मात्र झालं. हिचं बी.एड. झालं, नोकरीही लागली, आणि संध्याकाळच्या भाकऱ्या आजतागायत मी थापतो. त्यांचं नाव पिंपळीपर्यंत पोचलंय. राहिली फक्त चौथी कबुली. दिलेला शब्द म्हणून तीही पाळायची माझी केव्हापासून तयारी आहे, पण ही परवानगीच देत नाही!