मिस्त्रीच्या आधी बांधलेला फेटा

माणसांना कामाची गोडी कशी लावायची, हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी पूर्ण कळलेलं होतं. पुण्याहून मी त्याची पदविकाच घेऊन आलो होतो. माझ्याकडे एक जाड वही होती, वहीत बाणांच्या आकृत्या होत्या आणि प्रत्येक बाण ‘समाधानी कामगार’ असं लिहिलेल्या चौकटीत जाऊन घुसत होता.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फौंड्रीत मी लेबर ऑफिसर म्हणून रुजू झालो. तिथं ऑइल इंजिनाचे लोखंडी भाग ओतायचे. काळ्या ओल्या वाळूत साचा करायचा, भट्टीतलं वितळलेलं लोखंड त्यात सोडायचं, निवलं की साचा फोडून भाग बाहेर काढायचा. हे मला ऐकून माहीत होतं. माझी खोली आवाराच्या दुसऱ्या टोकाला होती आणि माझ्या पँटीला कडक इस्त्री होती.

महिन्याभरात मी पहिला बाण सोडला. उत्कृष्ट कामगाराचा सत्कार. मालकांना कल्पना फार आवडली, कारण तिच्यात पगारवाढ नव्हती. मी हजेरीपुस्तक उघडलं आणि ज्याचा वर्षभरात एकही खाडा नाही असा एक मोल्डर, म्हणजे साचे करणारा कारागीर, निवडला. कागलचा शेतकरी घरातला गडी. रोज सकाळी एस.टी.नं यायचा, मान खाली घालून काम करायचा.

रविवारी दुपारी भट्टीसमोर सगळ्यांना उभं केलं. मी भाषण केलं. आवाजात चढउतार घेतले, एका ठिकाणी थांबून सगळ्यांकडे नजरही फिरवली. मग त्याच्या डोक्यावर गुलाबी फेटा बांधवला. तो कपडे घातलेल्या खांबासारखा उभा होता. टाळ्या कमी पडल्या. मला वाटलं, लोकांच्या हातांना वाळू लागलेली असेल.

सोमवारी उद्यमनगराची साप्ताहिक सुट्टी झाली. मंगळवारी तो आला नाही. बुधवारीही नाही.

मालकांनी मला बोलावलं. “तुमचा उत्कृष्ट कामगार कुठं आहे?”

“चौकशी करतो.”

“करा. सुट्टी सोडून सलग आठ दिवस न कळवता गैरहजर राहिला की नाव कमी. नियम तुम्हीच टाइप करून भिंतीला लावलाय. फेटेवाल्याला वेगळा नियम नाही.”

ज्या माणसानं वर्षभर खाडा केला नाही, त्याची नोकरी माझ्या सत्कारानं जाणार होती. मी त्याच दुपारी कागलची एस.टी. धरली.

गोठ्यापुढं त्याची बायको वैरण टाकत होती. “बसा पावणं,” म्हणाली. कुठून आलो ते सांगितल्यावर तिचा आवाज बदलला. “तो फेटा तुम्हीच बांधलासा व्हय? ट्रंकंत ठेवलाय. त्येचं नाव काढलं की ताटावरनं उठत्यात.”

तो आतून आला. माझ्यासमोर उकिडवा बसला.

“साहेब, तुम्ही कोल्हापूरचंच न्हवं?”

“मंगळवार पेठेतला.”

“मग घराजवळ तालीम आसंल की.”

“तालमीची आणि आमची भिंत एकच.”

“आन् मग तुमास्नी हे मी सांगाय पायजे?” तो म्हणाला. “पैलवान कुस्ती मारून आला की पयला फेटा कुणाला? वस्तादाला. मग पोराला. मिस्त्रीनी मला वाळू चाळायपास्नं शिकीवलं. त्यास्नी नुसत्या टोपीवर हुबं ठेवून तुम्ही मला फेटा बांधलासा. आता कुठल्या तोंडानं त्यांच्याम्होरं जाऊ? त्यांनी बोलवल्याबिगर मी न्हाय येत.”

लहानपणापासून मी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. पुण्याच्या दोन वर्षांत ते कुठल्या बाणाखाली दडपलं गेलं, देव जाणे.

गुरुवारी सकाळी मी मिस्त्रींकडे गेलो. सगळ्या मोल्डरांवरचा, साठीकडे झुकलेला मुसलमान कारागीर, वडीलही ओतकामातलेच. धुळीनं करडी झालेली टोपी आणि भुवया भट्टीच्या झळांनी कायमच्या गेलेल्या. त्यामुळे ते रागावलेत की नाही हे चेहऱ्यावरून कळायचं नाही.

“मिस्त्री, चूक माझी. त्याला तेवढा निरोप द्या, ये म्हणून.”

“मी जा म्हटलं न्हाय. मग ये कशाला म्हणू?”

“तुमच्यासाठी फेटा आणतो. सगळ्यांसमोर बांधतो.”

“पंगत उठल्यावर पान मांडताय व्हय, साहेब?” त्यांनी वाळूची मूठ दाबून बघितली आणि सोडून दिली. “आन् मान शिष्यानं द्यायचा आसतोय. तुम्ही कोण? तुम्ही त्याला निवडलं कशावरनं?”

“हजेरीवरून.”

“म्हंजी आखाडा न बघताच पैलवान निवडला. कधी वाळूत हात घातलाय?”

तिथं मला हट्ट चढला. त्याची नोकरी मी धोक्यात आणली होती, ती मीच वाचवणार. त्यासाठी वाळूत हात घालायचा असेल तर घालायचा. मी बाह्या वर केल्या. “घालतो. शिकवा.”

आजूबाजूचे हातोडे थांबले. कुणीतरी म्हणालं, “साहेब, इस्त्री मोडंल की.”

इस्त्री तासाभरात मोडली. ओली वाळू चाळायची, पेटीत भरायची, ठोकायची, मग आतला लाकडी नमुना असा अलगद उचलायचा की वाळूची कडही हलता कामा नये. मी उचलला आणि सगळा साचा बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला एक मोल्डर लांबून बघून म्हणाला, “किल्ला झ्याक झालाय. मावळं कवा ठेवणार?” दिवाळीला अजून चार महिने होते.

मिस्त्री हसले नाहीत. फक्त म्हणाले, “ठोकताना कान द्या. वाळू कुठं पोकळ हाय ते आवाजावरनं कळतं.”

तीन दिवस मी कान दिला. त्या तीन दिवसांत वहीत नसलेलं बरंच ऐकू आलं. पाण्याचा माठ भट्टीच्या बाजूला ठेवलाय, त्यामुळे पाणी गरमच असतं. चांगला निघालेला भाग कुणी केला हे कुणी विचारत नाही, फुटका निघाला की मात्र नावानं हाक येते. कोण कुणाचा शिष्य, हे आवारात सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एका माणसाला, आणि त्याचा पगार माणसांना ओळखण्याबद्दलच होता. माठ मी लगेच हलवला. तेवढं तरी माझ्या अधिकारात होतं.

शनिवारी माझा एक साचा कसाबसा टिकला आणि रविवारच्या ओतकामात त्यात लोखंड सोडलं. सुट्टीच्या दिवशी माझं मन कागल आणि त्या साच्यात आळीपाळीनं अडकून होतं. मंगळवारी, गैरहजेरीच्या सातव्या दिवशी, आम्ही साचा फोडला. आतून इंजिनाचं एक झाकण निघालं. एका बाजूला फुगलेलं, कडेला खड्डा, पण अखंड.

मिस्त्रींनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पोत्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

“कागलला जावा. त्याला दावा. म्हणावं, मिस्त्रीनी नवा शिष्य धरलाय, तुझी जागा भरली.”

“एवढंच?”

“एवढंच. जास्त शाणपणा करू नका.”

ते ओझं मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसलो. कागलला त्याच्यापुढं ठेवलं आणि निरोप शब्दशः सांगितला. माझ्यातल्या नटाला आवरणं फार अवघड गेलं.

त्यानं झाकण उचललं. खड्ड्यावर अंगठा फिरवला. “ह्ये कुणी केलं?”

“मी.”

“आन् मिस्त्रीनी फोडून टाकलं न्हाय?”

“पोत्यात गुंडाळून दिलं.”

त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. सत्काराच्या दिवशी सुद्धा मी त्याला इतका जागा पाहिला नव्हता. “आसलं झाकण,” तो म्हणाला, “माझ्या जागंवर?” मग आत बघून ओरडला, “ट्रंकंची किल्ली कुठं हाय गं?”

आठव्या दिवशी सकाळी भोंगा व्हायच्या आत तो फाटकातून आला. काखेत गुलाबी गाठोडं. हजेरीपुस्तक घेऊन मी फाटकावरच उभा होतो. त्याच्या नावापुढं खूण केली तेव्हा माझ्या नखांतली काळी वाळू पानावर सांडली. तो सरळ मिस्त्रींपुढं गेला, वाकला, त्यांची टोपी आदरानं काढून बाजूला ठेवली आणि स्वतःच्या हातानं फेटा बांधला. भाषण नाही. मालक जिन्यावरून बघत होते. टाळ्या मात्र अशा पडल्या की मागचा माझा अंदाज खोटा ठरला. वाळू याही वेळी सगळ्यांच्या हातांना होतीच.

त्या दिवशी ओतकाम होतं. मिस्त्री तो फेटा बांधूनच भट्टीपुढं उभे राहिले. ठिणग्या उडाल्या, गुलाबी कापडाला बारीक काळी भोकं पडायला लागली.

मी जवळ जाऊन म्हणालो, “मिस्त्री, काढून ठेवा. जळेल.”

“साहेब,” ते भट्टीवरची नजर न हलवता म्हणाले, “ह्यो काढाय लावलासा तर आठ दिवस मी कागलला.”