चोरीचा आकडा

मुलांनो, तपासणीच्या बाकावर माझ्या शेजारी वीज खात्यातले एक लाइनमन बसले होते. हाडाचा कॅन्सर फुफ्फुसात पसरलेला. गाठीकडे रक्त नेणाऱ्या नव्या वाहिन्या रोखणारी गोळी चालू होती. तिने रक्तदाब वाढतो, म्हणून आज तो चढलेला निघाला, तर ती बंद होणार होती.

"मावशी, गाठ आकडा टाकून माझं रगत चोरून राहिली. गोळी आकडा काढते. मी नोकरीभर लोकांनी वीज चोराले तारांवर टाकलेले आकडेच काढले."

"सगळ्यांचे?"

"सासऱ्याचा सोडला. बायकोनं जेवाले नसतं दिलं!"

नर्स आली तेव्हा मात्र त्यांनी डोळे घट्ट मिटले. रक्तदाब ठीक निघाला. गोळी चालू राहिली. मग तिने माझा मोजला. चांगलाच चढला होता.

"मावशी, तुम्ही काहून घाबरल्या? गोळी तर माझी होती!"