उभ्या गाडीचे अठरा उतारू

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ओक्येरे मिस्त्री डोळे मिटून टायरवरून हात फिरवत होता. आतून बाहेर नेताना तळवा गुळगुळीत सरकला. बाहेरून आत आणताना रबराचे बारीक दात करवतीसारखे बोटांना लागले. त्याने पुढचं दुसरं चाक चाचपलं. तिथेही तेच.

"काय म्हणतंय?" बाफूरने विचारलं. उतारूंची ही मिनीबस तो चालवायचा.

"तेच जुनं. आतली कड खातंय."

उत्तरेचा वारा सुरू झाल्यापासून कुमासी शहरातल्या सुआमेच्या गॅरेजवस्तीवर पांढुरकी धूळ उतरली होती. समोरच्या शेडमधला वेल्डर धड दिसत नव्हता. त्याची ठिणगी मात्र दिसायची, विझायची.

दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या शेडमध्ये गाडीचं पुढचं सस्पेन्शन नवं झालं होतं: स्प्रिंगा, आर्म, बुश, सगळं. त्यानंतर अलाइनमेंट ओक्येरेनेच केली. महिन्यात टायर गेले. नवी जोडी चढवून त्याने पुन्हा दोरी लावून चाकं सरळ केली. तीही गेली. ही तिसरी जोडी. बारा दिवसांत तिलाही दात फुटले होते. गाडीची मालकीण कोनाडू मावशी केजेटिया बाजारात कापड विकायची. तिचा निरोप काल आला होता: तिसरी जोडी खराब झाली असेल तर किल्ली माझ्या हातात. सहा वर्षं बाफूर त्या किल्लीवर कुमासी ते टेचिमान फेऱ्या मारत होता. दुसरी गाडी त्याला कोणी देणार नव्हतं.

ओक्येरेने गाडीच्या बाजूने मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत नायलॉनची दोरी ताणली आणि एक डोळा मिटून पाहिलं. दोरी पुढच्या टायरच्या दोन्ही कडांना जेमतेम टेकत होती. चाक सरळ होतं. दोन्ही वेळा असंच सरळ होतं.

दोरीशी त्याचं नातं जुनं. बाप बोनविरे गावचा विणकर. पोराला मात्र लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसेना. विणकराच्या घरात याहून मोठी अडचण नाही. एकोणिसाव्या वर्षी तो सुआमेला आला आणि रंग लागत नाही असं काम त्याने शोधलं. तेहेतीस वर्षं तो चाकं सरळ करत होता. यंत्र घेतलं नाही. घ्यावंसं वाटलं नाही.

आठ वाजता कोनाडू मावशी आली. अंगाने भरभक्कम, डोक्याला जांभळा रुमाल.

"मिस्त्री, माझे टायर जेवले का?"

"जेवले मावशी."

"माझ्या नवऱ्यालासुद्धा एवढी भूक नव्हती." तिने गाडीचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर बसकण मारली. गाडी कुरकुरली. "चल बाफूर. घरापर्यंत नेऊन सोड आणि किल्ली दे."

बाफूर स्टिअरिंगवर बसला.

ओक्येरे दोरी सोडायला वाकला होता. त्याचा हात थांबला. टायरच्या पुढच्या कडेने दोरी बाहेर ढकलली होती आणि मागच्या कडेपाशी फट पडली होती, आगकाडीएवढी.

"मावशी, उतरा जरा."

"का? जड झाले?"

"उतरा तर."

ती उतरली. फट मिटत आली. "बसा." ती बसली. फट उघडली.

"मी काय झोपाळा आहे का रे?"

ओक्येरे जमिनीवर बसूनच राहिला. त्याला एकाएकी अंगणातला माग दिसला. लांब ताणा, त्याच्या टोकाला लाकडी घसरगाडी, तिच्यावर ताण धरायला दगड. तो दगड उचलून आणणं हे लहानपणी त्याचं काम. बाप म्हणायचा, आधी दगड ठेव, मग रेघ बघ.

मग त्याला आपल्या शेडमध्ये येऊन गेलेल्या गाड्या आठवल्या. ड्रायव्हर अड्ड्यावरच्या रांगेतला नंबर सोडत नाहीत; आधी गाडी भरायची, मग वाटेत शेडवर थांबायचं. त्यामुळे गाडी यायची ती उतारूंसकट. आत कोणी पेंगतंय, कोणी पानातली मक्याची केंकी सोलून खातंय, कोणी मांडीवरच्या कोंबडीला थोपटतंय. तो दोरी लावायचा, ती माणसं हलायचीसुद्धा नाहीत. तेहेतीस वर्षं दगड आपोआप येत होता. ही एकच गाडी जॅकवरून थेट आली, धुतलेली आणि रिकामी. त्याने ती दोन्ही वेळा रिकामीच सरळ केली.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "बाफूर, गाडी खड्ड्यावर घे. आणि माणसं गोळा कर. सोळा."

"कुठे जायचंय सांगू?"

"कुठेच नाही."

टेचिमानला फुकट जायचं असतं तर माणसं आली नसती; संशय घेतला असता. कुठेच जायचं नाही म्हटल्यावर पटापट आली. वेल्डर आला, खीरवाली पातेलं घेऊनच चढली, टायरवाले दोघे भाऊ आले. बाफूरने सवयीने दार आपटलं, "आत सरका, आत सरका!" मावशी आणि तो धरून अठरा भरले.

ओक्येरे गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. वरच्या पायांची कुजबुज त्याला ऐकू येत होती. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट त्याने सैल केले. शेजारच्या शेडमध्ये ते गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना आवळले होते; रबर दोन महिने पिळलेलं होतं. पीळ सुटला तसं रबर उसासल्यासारखं वाजलं आणि गाडी बोटभर खाली बसली. त्याने बोल्ट पुन्हा आवळले, वर येऊन दोरी ताणली आणि चाकांची दिशा धरणारा टाय रॉड फिरवायला लागला. अर्धा आटा. पाव आटा.

गाडीत हळूहळू बोलणं थांबलं. धूळ काचेवर बसली होती, बाहेर काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे गाडी चालली आहे असंही म्हणता आलं असतं. वेल्डर तोंड उघडं टाकून झोपला. खीरवाली खिडकीकडे पाहत गुणगुणत होती. मावशीची मान छातीवर आली.

काम झाल्यावर ओक्येरेने चारही टायरवर खडूच्या आडव्या रेघा ओढल्या. बाफूर भरलेली गाडी चौकापर्यंत नेऊन परत आला. ओक्येरे प्रत्येक चाकापाशी गुडघ्यावर बसला. पुढच्या दोन्ही टायरवरचा खडू आतून बाहेरपर्यंत सारखा पुसला होता.

गाडी थांबली तशी मावशी जागी झाली. "टेचिमान आलं?"

"सुआमेच आहे, मावशी."

तिने खाली उतरून खडू पाहिला. बाफूरने किल्ली पुढे केली.

"मला कशाला? मला गाडी येते होय चालवायला?" तिने रुमाल नीट केला. "महिन्याने येईन. टायरचं तोंड बघेन, तुमचं नाही."

उद्या बुधवार. केजेटियाच्या अड्ड्यावर टेचिमानच्या रांगेत बाफूरचा नंबर चौथा आहे. संध्याकाळीच फळ्यावर लिहिला गेला. चौथी गाडी साधारण साडेसहाला भरते. ती भरली की दोरी लावून बघायला आधी ओक्येरेच्या शेडवर जाईल. उतारूंनी उतरायचं नाही.