दुखवट्याच्या यादीतलं शेवटचं नाव

नगरपरिषदेच्या सभेत पहिला विषय कोणता, हे नीळकंठला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. आधी दुखवटा, मग मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे, आणि त्यानंतर नाल्या, दिवाबत्ती, टँकर, बाजारातले ओटे अन् त्या ओट्यांवरून भांडणं. चिखलीच्या पलीकडचं छोटं गाव. नाव सांगत नाही, उगाच कोणाच्या पोटात दुखायचं. तिथं नीळकंठ एकतीस वर्षं सभेचा बाबू होता. अध्यक्षांच्या डाव्या हाताला एक लहान टेबल, त्यावर रजिस्टर, आणि टेबलामागे तो. सभेत बाबूनं लिहायचं, बोलायचं नाही. एकतीस वर्षांत किती अध्यक्ष आले, किती पडले, खुर्च्या फेकल्या गेल्या, एकदा तर माईकच उपटला गेला, पण नीळकंठच्या तोंडून सभागृहात एक शब्द निघाला नव्हता. बायको स्नेहलता म्हणायची, "तुमची जीभ तिथंच कपाटात ठेवून येता वाटतं."

त्याचं रजिस्टर पाहण्यासारखं होतं. पानांना नंबर, एक ओळ कोरी नाही. नियम असा, की काही खोडावं लागलंच तर खोडल्या शब्दाच्या डोक्यावर खोडणाऱ्यानं आपलं पूर्ण नाव लिहायचं, म्हणजे पुढे कोणी हात झटकू नये. नीळकंठच्या पाच रजिस्टरांत असं नाव एकदाही आलं नव्हतं. मार्चअखेर तो निवृत्त होणार होता आणि ही स्वच्छ रजिस्टरं मागे ठेवून जायची, एवढीच त्याची हौस. ती वाचत कोणी नव्हतं, हा भाग वेगळा. इतिवृत्ताचा विषय आला की सगळे नगरसेवक एका सुरात म्हणत, "वाचलं असं समजा, कायम!" आणि पुढच्या विषयावर उडी मारत.

आणखी एक गोष्ट त्यानं स्वतःच्या डोक्यानं सुरू केली होती. दुखवट्याच्या यादीत पुढारी असत, माजी नगरसेवक असत, एखादा नट असे. पंधरा वर्षांपूर्वी त्याला वाटलं, अरे, आपल्या गावचं साधं माणूस मरतं त्याच्यासाठी कोणी उभं राहायचं की नाही? म्हणून यादीच्या शेवटी तो गुपचूप एक साधं नाव घालू लागला. कधी पाणी सोडणारा माणूस, कधी बांगड्यावाली, कधी शाळेची घंटा वाजवणारा. अध्यक्ष समोर ठेवलेला कागद वाचत, सभा दोन मिनिटं उभी राही, आणि ठरावाची प्रत घरच्यांना जाई. धाड गावी राहणाऱ्या एका माणसानं तर बापाच्या नावाची ती प्रत फ्रेम करून देवाशेजारी टांगली. नीळकंठला त्याचा मोठा अभिमान. पण एक गोष्ट तो पाळायचा, मृत्यूच्या नोंदवहीत नाव चढल्याशिवाय यादीत घ्यायचं नाही.

त्या नोव्हेंबरात नोंदवहीत गावचं एकही साधं नाव मिळेना. म्हातारी माणसं गेली होती, पण बाहेरगावच्या दवाखान्यांत, म्हणजे नोंदही तिकडचीच. सभा दुसऱ्या दिवशी. यादीची शेवटची ओळ रिकामी. नीळकंठला ती रिकामी ओळ खुपू लागली, आणि तेवढ्यात त्याला झुंबरबाई आठवली.

झुंबरबाईनं चाळीस वर्षं या गावचे रस्ते झाडले. निवृत्त झालेल्यांनी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे मशीनवर अंगठा टेकवून दप्तराला दाखवायचं. झुंबरबाई दर वर्षी एक तारखेला, कुलूप निघायच्या आधी पायरीवर हजर. यंदा वीस तारीख उलटली तरी तिचा पत्ता नव्हता. शिपाई गोविंदा म्हणाला, "तिच्या घराले महिन्यापासून कुलूप हाय." नीळकंठनं मनाशी म्हटलं, संपलं, पिकलं पान होतं. आणि नोंदवही न बघता शेवटच्या ओळीवर नाव लिहून टाकलं. म्हणतात ना, अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

शुक्रवारी बारा वाजून वीस मिनिटांनी सभा उभी राहिली. दोन मिनिटांनी अध्यक्ष अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "बसा." गोविंदानं संध्याकाळी ठरावाची प्रत झुंबरबाईच्या दाराच्या कडीत खोचली.

आठ दिवसांनी भर दुपारी झुंबरबाई ऑफिसात आली.

नीळकंठनं मान वर केली आणि त्याच्या हातातला पेन सुटला. तीच ती, कपाळावर गोंदण, पायात रबरी चप्पल. ती मोताळ्याला लेकीकडे गेली होती, पाय मुरगळला म्हणून अडकून पडली होती. बाकावर बसून तिनं पदराच्या गाठीतून एक कागद काढला.

"बाबू, हे माह्या दाराच्या कडीले होतं. मले वाचता येत नाही. काय लिवलं, सांगा बरं."

त्याचंच अक्षर. 'श्रीमती झुंबरबाई यांच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा.' पुढचं त्याला वाचवेना.

"पाण्याची नोटीस आहे," तो म्हणाला. "नळाची लाइन बदलून राह्यले तुमच्या गल्लीत."

"हाव का?" तिनं कागद पुन्हा गाठीत बांधला. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "बाबू, एक इचारू? माह्या नावाचं इथं काही झालं काय?"

"काऊन? असं का इचारता?"

"मांगच्या शुक्करवारी मी मोताळ्याले लेकीच्या ओसरीत तूर निवडून राह्यली होती. दुपारचं टाइम. एकदम खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, लई खुर्च्या. लेकीच्या घरात एकबी खुर्ची नाही, बाबू. मंग सगळं चिडीचूप. आंगणातल्या कोंबड्या जागच्या जागी थांबल्या. माह्या हातातली तूर हातातच राह्यली, हात खालीच येईना. आन मंग एक बाई म्हनली, 'बसा.'"

नीळकंठनं समोरची फाईल हळूच मिटली.

"तवापासून मले कोनी आयकतच नाही," ती सांगत होती. "लेक ताटं वाढते, माह्यं ताट इसरते. नात छकुली, तिले हाका मारून मारून थकली मी, ते पोट्टी माह्या अंगावरून निघून जाते. आज येष्टीत कंडक्टरनं तिकीट नाही मागितलं. मले वाटलं, बुढी पाहून सोडलं. पन त्यानं माह्या मांडीवर थैला ठेवला, बाबू. सीट रिकामी हाय म्हनून ठेवते तसा."

गोविंदा चहा घेऊन आला. नीळकंठपुढे एक कप ठेवला आणि बाकाकडे न बघता पुढे गेला. नीळकंठनं तिला स्वतःचा कप दिला आणि मशीनकडे नेलं. तिनं अंगठा टेकवला. एकदा, तीनदा, दहादा. मशीननं घेतला नाही. झाडू धरून धरून अंगठा घासला असेल, असं तो स्वतःला सांगत राहिला. मग गेल्या वर्षीपर्यंत हाच अंगठा कसा लागत होता, हे मात्र त्याला सांगता येईना.

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. लाज वाटत होती आणि भीतीही. ठराव झाला होता, पण अजून कायम झाला नव्हता. वीस डिसेंबरच्या सभेत इतिवृत्त कायम होणार. त्याच्या आधी कोणी उठून नाव खोडायला लावलं तर ठीक, नाहीतर म्हातारी कागदोपत्री मेली ती मेलीच. उठायचं कोणी? नगरसेवक तर वाचतच नव्हते. त्यानं स्नेहलताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सांगून टाका ना सभेत. खाडाखोड झाली तर झाली. माणूस मोठं की रजिस्टर?" बाईनं खरं तेच सांगितलं होतं.

तोवर झुंबरबाई रोज येऊन बाकावर बसू लागली. दुसरीकडे बसून करणार काय? लोक तिच्या शेजारी पिशव्या ठेवत. एकानं तर तिच्या मांडीवरच फायलींचा गठ्ठा ठेवला. रोज ती थोडी हळू बोलायची. वीस तारखेला सकाळी ती काय म्हणाली हे ऐकायला नीळकंठला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

सभा भरली. दुखवटा झाला. या वेळी नीळकंठनं यादीत साधं नाव घातलंच नव्हतं. अन्नपूर्णाबाईंनी पुढचा विषय वाचला, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे."

"वाचलं असं समजा," सगळे म्हणाले. "का..."

"थांबा!"

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. नीळकंठ उभा होता. सभागृह असं बघत राहिलं, जणू टेबलच बोललं. त्यानं सगळं सांगितलं. नोंद नसताना नाव घेतलं, बाई जिवंत आहे, बाहेर बाकावर बसली आहे, चूक माझी एकट्याची.

मग कुलदीप नावाचा एक नगरसेवक खो खो हसत सुटला. "अन् आमी दोन मिनिटं उभे राह्यलो ते कोनासाठी बे? उभं राह्यलेलं वापस घेता येते का?"

हशा पिकला. अन्नपूर्णाबाईंनी टेबलावर हात आपटला. "नीळकंठराव, खोडा ते नाव. नियमाप्रमाणे वर तुमचं नाव लिहा अन् पुढचा विषय घ्या. टँकरचं भांडण बाकी आहे."

त्यानं पट्टी लावून 'श्रीमती झुंबरबाई' एवढं खोडलं. नियमाप्रमाणे त्याच्या डोक्यावर आपलं पूर्ण नाव लिहिलं. 'नीळकंठ' लिहिताना बोटं गार पडली, पण त्याला वाटलं डिसेंबर आहे. "कायम!" सभा ओरडली.

सभा संपल्यावर तो धावत बाहेर आला. गोविंदा बाकाजवळ उभा राहून म्हणत होता, "काय वो बुढे, लई दिवसांनी? घे, चहा घे." नीळकंठच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तिला मशीनपाशी यायची खूण केली. अंगठा पहिल्याच फटक्यात लागला. झुंबरबाई बोळकं उघडून हसली आणि मोताळ्याची एसटी धरायला गेली.

"गोविंदा, मलेही दे एक कप," नीळकंठ म्हणाला. गोविंदा ट्रे घेऊन निघून गेला. कामात असेल.

साडेपाचला हजेरीच्या मशीनवर त्यानं अंगठा टेकवला. दिवा लागला नाही. त्यानं अंगठा शर्टाला पुसला, पुन्हा टेकवला. मागे उभा असलेला माणूस त्याच्या खांद्यावरून हात घालून आपला अंगठा लावून गेला. माफ करा नाही, सरका नाही.

तेव्हा तो पळत आत गेला. कपाट उघडून रजिस्टर काढलं आणि पहिल्यांदा ती ओळ परक्या माणसानं वाचावी तशी वाचली. खोडलेलं नाव रेघेखाली गेलं होतं. स्वच्छ वाचता येत होतं ते वरचं. 'नीळकंठ यांच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा.' आणि खाली अध्यक्षांची सही, कायम.

घरी पोचला तेव्हा स्नेहलता ओट्यापाशी होती. तिनं एकच कप चहा ठेवला होता. "स्नेहा," त्यानं हाक मारली. "अगं, मी आलो." ती फोनवर मुलीशी बोलत होती. "रेवती, बाबा अजून आले नाहीत गं. सभा लांबली असेल." बोलता बोलता ती त्याच्याच खुर्चीकडे आली, बसणार एवढ्यात तो उठला म्हणून बरं. तो तिच्या तोंडासमोर हात हलवत राहिला. एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन रडला. तिनं उठून खिडकी लावली, गार वारा येतो म्हणून.

सकाळी तो ऑफिसच्या बाकावर जाऊन बसला. त्याच्या टेबलावर फायली तशाच होत्या. अकराच्या सुमारास कोणीतरी शेजारी बसलं आणि म्हणालं, "बाबू, असे काऊन बसले?"

झुंबरबाई होती. दाखल्याचा कागद न्यायला आली होती.

"मी दिसतो तुम्हाले?"

"दिसता ना! काय झालं?" मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि तिचं हसू गेलं. तिनं पदराची गाठ सोडली आणि तो जुना कागद त्याच्या मांडीवर ठेवला. "आता खरं वाचा."

त्यानं वाचलं, शेवटच्या शब्दापर्यंत.

"मले मारलं तुमी," ती म्हणाली. "आन तोंडावर खोटं बोलले, नळाची नोटीस म्हनून."

"हो. चुकलं माझं, झुंबरबाई." तो हात जोडून बसला. मग त्यानं सगळं सांगितलं, रेघ, नाव, कायम झालेलं रजिस्टर. "अठ्ठावीस जानेवारीले पुढची सभा आहे. कोणीतरी उठून सांगितलं पाहिजे की ती ओळ पुन्हा वाचा. मी ओरडलो तरी कोणाले ऐकू जाणार नाही. तुम्ही सांगाल?"

झुंबरबाईनं सभागृहाच्या बंद दाराकडे पाहिलं. चाळीस वर्षं ती त्या दाराबाहेरच झाडत आली होती.

"येईन ना," ती म्हणाली. "उभी राहीन, वरडीन बी. पन बाबू, माह्यं तं जित्तेपनीबी तिथं कोनी आयकलं नाही."