नानांचा शांत फ्लेक्स

तुम्ही म्हणाल, ही मुलगी तोंडातून शब्द काढत नाही, हिच्या हातून कसला गोंधळ होणार? अहो, झाला! आणि तोही चांगला आठ फूट लांब!

लग्नाला तीन महिने झाले होते. आमचे सासरे, म्हणजे नाना, माझ्याशी दिवसाला एकच वाक्य बोलत. "चहा झाला का?" मीही अबोल. म्हटलं, त्यांच्या साठीला एक शाबासकी मिळवायचीच!

मी चाकणच्या एका कंपनीत जपानी दुभाषी. शब्द जमवायचं वेड. 'नाना' शोधला, तर काय घबाड! जपानीत सात, हवाई बेटांवर बघणं, स्पॅनिशमध्ये अंगाई, घानात आजोबा नि राजासुद्धा, संस्कृतात तऱ्हेतऱ्हेचे. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही! ठरलं, हेच फ्लेक्सवर छापायचं.

पिंपरीतला फ्लेक्सवाला म्हणाला, "ताई, शुभेच्छुक किती? गॉगलवाले टाकू? मागे वाघ?"

"काही नको. पांढरा, शांत. मधे फक्त हा फोटो." फोटो कृष्णधवल. मला फार भारदस्त वाटला होता.

त्याचा आवाज एकदम खाली आला. "फुलांची बॉर्डर? खाली समई?"

"टाका की!" किती समजूतदार माणूस, नाही?

सकाळी सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लागला. सातला बेल वाजली. नानांनी दाढीच्या फेसासकट दार उघडलं. दारात खालच्या मजल्यावरच्या काकू, पदर डोळ्याला. नानांना बघून किंचाळल्याच! मागे नानांचे जुने दोस्त, तुकाराम काका, हातात हार.

"आरं, तू हाय व्हय! आमी ओव्हरटाइम सोडून आलो राव! खाली समई काय, 'अंगाई' काय…"

नाना तसेच खाली उतरले. फ्लेक्स शांतपणे, शेवटपर्यंत वाचला. मी खांबाआड.

"कुणी केलं?"

"मी."

"पाच भाषा दिसतायत. 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' कुठल्या भाषेत लिहिल्यायत?"

धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं मला! नाना मात्र तुकाराम काकांकडे वळले. "हार आणलायस ना? घाल. जिवंतपणी बरा दिसतो." आणि मला म्हणाले, "सूनबाई, सगळ्यांना चहा टाक. शब्द मात्र झकास जमवलेस हो!"

मिळाली की नाही शाबासकी?

पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे. फ्लेक्स नाना स्वतः छापून आणणार आहेत.

शांत, म्हणालेत.