फौजदारांची झडती

"आधी झडती," असं म्हणून फौजदार पुस्तक हातात घ्यायचे, पाठीकडून पकडून उलटं धरायचे आणि गदागदा हलवायचे. आतून कधी दुकानाची पावती पडायची, कधी लेखकाच्या पुढच्या शिबिराची जाहिरात. जाहिरात पडली की त्यांचा चेहरा खुलायचा. "सापडला!" असं ओरडून ते पुस्तक समोरच्या भिंतीवर असं भिरकावायचे, की कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले पेन्शनर दचकून चष्मे सावरायचे.

सिडकोतल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल. फौजदार म्हणजे पोलीस खात्यातून रिटायर झालेले, मूळचे सटाण्याकडचे, आणि आमच्या पुस्तकनिवड समितीतले सगळ्यात त्रासदायक सभासद. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. मार्च जवळ आला, अनुदान खर्च करायची घाई झाली की विक्रेते गठ्ठेच्या गठ्ठे आणून टाकतात. तुम्ही कुठल्याही वाचनालयात डोकावून बघा, त्यातली निम्मी पुस्तकं श्रीमंत व्हा, पहाटे उठा, हसत राहा, असलीच असतात. बाकीची समिती मुखपृष्ठं बघते आणि चहा पिते. फौजदार मात्र एकेकाची चौकशी करायचे. चांगलं असेल तर "आत टाका", शंका असेल तर "जामिनावर सोडा", आणि वाईट असेल तर "तडीपार!" तडीपारांनी आमच्या भिंतीचा रंग पार उडवला होता.

"अहो, कोपरे दुमडले तर विक्रेता परत घेईल का?" मी चिडून विचारायचे.

"घेईल. मी सांगतो त्याला."

आणि ते अशा आवाजात सांगायचे की तो बिचारा मुकाट घेऊन जायचा.

सगळीच फेकायचे असं नाही हं. एकदा एक बारीकसं पुस्तक घेऊन खिडकीपाशी उभे राहिले ते उभेच. पन्नाशीनंतर पोहायला शिकलेल्या एका बाईने लिहिलेलं होतं. "ही सांगते, नाकातोंडात पाणी गेलं, रडले, परत उतरले. हात कसा मारायचा तेही सांगते. एक अक्षर खोटं नाही. आत टाका, बाई." मग कितीतरी दिवस ते पुस्तक ते दिसेल त्याच्या गळ्यात मारत होते.

बाकीच्यांचा एवढा राग का, असं मी एकदा विचारलं. आम्ही दोघेच होतो. त्यांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"मी लय मारलंय, बाई. पट्ट्याने मारलंय, बुटाने मारलंय. आणि मारताना प्रत्येकाला एकच सांगायचो, हे तू ओढवून घेतलंस. ते त्याला पटलं ना, की तो वर बघायचाच बंद होतो. मग काहीही करा त्याचं." त्यांनी पुस्तकावर बोट आपटलं. "हे पण तेच सांगतं. नुसतं गोड बोलून. ज्याने मार खाल्लाय त्यालाच विचारतं, तू काय केलंस? असलं दिसलं की माझा हात शिवशिवतो."

मला त्या दिवशी त्यांची भीती वाटली. खोटं कशाला सांगू?

वैशाली आमच्या मागच्याच गल्लीत राहायची. नवरा सातपूरच्या कंपनीत सुपरवायझर, रविवारी टाय बांधून व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांना जाणारा. ती पाककृतींची पुस्तकं न्यायची आणि वेळेवर परत आणायची, त्यापलीकडे फारशी ओळख नव्हती. एका शनिवारी दुपारी ती पदराखालून एक पुस्तक काढत फौजदारांसमोर उभी राहिली. गालावर चार बोटं उठलेली.

"साहेब, तुम्ही पुस्तकं तपासता ना? हे चांगलं आहे का सांगा. आमच्या यांनी दिलंय. रोज एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवायचं असतं."

फौजदारांनी एकदा तिच्या गालाकडे पाहिलं आणि पान उघडलं. लाल पेन्सिलीने, पट्टी लावून अधोरेखित केलेल्या ओळी. त्यांनी मोठ्याने वाचल्या: घरात तुमच्यावर कुणी रागावत असेल तर त्याला दोष देऊ नका, तो राग तुमच्याच विचारांनी बोलावलेला पाहुणा आहे.

"हाई काय शे?" ते गरजले. संताप झाला की फौजदार अहिराणीवर यायचे. "हाई पुस्तक शे?" आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी ते पाठीतून टर्रकन फाडलं, एकदा, मग परत एकदा, आणि तुकडे भिंतीवर आपटले.

वैशाली मटकन खाली बसली. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं तोंडासमोर. तिला सवय होती हो त्याची! एवढ्या झटकन कुणी सवयीशिवाय हात डोक्यावर घेत नाही.

फौजदार तसेच उभे. पोरीसमोर आपण कसे दिसलो असू, हे त्यांना कळलं असावं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

ती उठली आणि कागद गोळा करायला लागली. "साहेब, हे काय केलंत? आता मी रात्री काय वाचून दाखवू?"

हा विचार आम्हा दोघा शहाण्यांपैकी एकालाही शिवला नव्हता. फौजदार चपला घालून बाहेर पडले. भर उन्हात मेन रोडची दुकानं पालथी घालून त्यांनी तेच पुस्तक शोधून आणलं. ज्याला तडीपार करायचं, ते विकत आणलं! मग तुकडे जुळवून, पट्टी घेऊन, लाल पेन्सिलीने एकेक ओळ तश्शीच आखली. आखताना तोंडाने शिव्या चालू होत्या. मी त्यांना पाणी दिलं, त्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पोरी," पुस्तक देताना ते म्हणाले, "नको जाऊस. आत्ता माझ्याबरोबर पोलीस स्टेशनला चल. मी बसतो शेजारी."

"नको साहेब. माझंच काहीतरी चुकत असेल." आणि गेली.

फाडलेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिबिरातल्या गुरूंची सही होती. ती आमच्यापैकी कुणी बघितलीच नव्हती. एवढी झडती घेणारा माणूस, पण त्या दिवशी फाडायच्या घाईत झडतीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आला. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात वैशालीचा दंड. तिचा ओठ फाटलेला होता. "कोण तो म्हातारा?"

"मी," फौजदार उठले. "मी फाडलं. तिचा काही संबंध नाही."

हेल्मेटचा पहिला फटका खांद्यावर बसला. पुढच्या क्षणी फौजदारांनी त्याची कॉलर धरून त्याला कपाटावर दाबलेलं होतं. पुस्तकं धडाधड खाली आली. फौजदारांची मूठ मागे गेली. मी मनात म्हटलं, हाणा! अगदी मनापासून म्हटलं. तेवढ्यात त्यांची नजर वैशालीकडे गेली. ती पुन्हा तशीच बसली होती, हात डोक्यावर.

त्यांनी मूठ सोडली. कॉलरही सोडली. हात खाली घेतले. आणि त्या हरामखोराने पुन्हा हेल्मेट उचलून कानशिलावर घातलं.

गठ्ठ्यांवर कोसळले ते. रक्त किती यावं एका माणसाचं! मी टेबलावरचं पंचिंग मशीन उचलून नवऱ्याच्या पाठीत घातलं. घातलं, त्यात लाज कसली? मग पेन्शनर धावले आणि त्यांनी त्याला धरलं.

फौजदारांना दवाखान्यात नेलं आणि मी पोलीस स्टेशनला गेले. बाकावर वैशाली, तिला चिकटून तिची सासू. सासू सारखी कानाशी लागलेली: "सांग, म्हातारा आधी अंगावर आला, कॉलर धरली. घर बुडवशील नाहीतर." मी काही बोलायला गेले तर हवालदार मला म्हणाला, "बाई, तुमचं नंतर. त्यांना बोलू द्या."

वैशाली जमिनीकडे बघत होती. हवालदाराने पेन खाली ठेवून परत उचललं. "काय झालं ते सांगा, ताई."

तिने मान वर केली. "साहेबांनी कॉलर सोडली होती. हात खाली होते त्यांचे. तरी यांनी मारलं."

"याआधी कधी कुणावर हात उचललाय का तुमच्या नवऱ्याने?"

सासूने तिचा हात दाबला. वैशालीने तो सोडवून घेतला.

"माझ्यावर," ती म्हणाली. "रोज. आणि मी काहीच केलेलं नसतं."

मी धावतच दवाखान्यात गेले. रिक्षात तिचं वाक्य घोकत होते, त्यांना शब्दन् शब्द तसाच सांगायचा म्हणून. ऑपरेशनच्या खोलीबाहेर त्यांची मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

अजूनही मी मनातल्या मनात भांडते त्यांच्याशी. तासभर थांबायला काय झालं होतं हो तुम्हाला?